छत्रीला सतरा, माशाला बेचाळीस

नलू, तुझ्या मधल्या कपाटातल्या पुस्तकांची सगळी कव्हरं मी फाडली. फाडून बंबात घातली आणि त्या कडकडीत पाण्याने आंघोळ केली. हे पहिलं सांगून टाकतो. नाहीतर तू म्हणशील, इकडचं तिकडचं सांगत बसलात आणि मुद्द्याचं पोटात ठेवलंत.

वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं जनार्दनने सांगितलंय. तोच आपला जनार्दन. अध्यक्ष झाल्यापासून सही करताना पेनाचं टोपण दुसऱ्याच्या हातात देतो. म्हणाला, "काका, काकींचा जन्म, शिक्षण, कार्य असं लिवा." मी म्हटलं, जन्म माकुणसारला, शिक्षण मॅट्रिक, कार्य मला गप्प करणं. संपलं. दोन पानं कशाला लागतात? पण लिहायला बसलो आणि वही भरतच चालली. तुझ्याशी बोलायचं राहिलंय ते सगळं यात येणार. जनार्दनला छापायचं तर छापू दे, नाहीतर राहू दे.

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मला घरात बसवेना. कुकरची शिट्टी नाही, "अहो, पंखा बंद करा" नाही. दिवसभर पंखा चालू ठेवला. कुणी ओरडेना, तेव्हा मीच उठून बंद केला. देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला तुझ्या वाचनालयातल्या कपाटाची किल्ली लटकत होती. म्हटलं, बायको गेली, निदान तिचं कपाट तरी चकाचक करू.

वाचनालयात जाऊन उघडून बघतो तर सगळ्या पुस्तकांना जुन्या कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं, पांढरी बाजू वर. नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. एकूण एक सारखी. आणि मळकी किती, हळदीची बोटं काय, खोबरेल काय. आता मला कळायला हवं होतं. पण आपल्या घरात टीव्हीच्या रिमोटला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रीजच्या दांड्याला कव्हर. मला वाटलं, तुझी खोडच ती. डोक्यात एवढंच होतं की तू गेलीस आणि कव्हरं मळलीत. सकाळभर बसून फाडली. पुस्तकं फडक्याने पुसली, नावं दिसतील अशी ओळीने लावली. चार पावलं मागे जाऊन बघितलं तर दुकानासारखं झकास दिसत होतं. तुला दाखवायला मान वळवली.

मग घरी आलो, कव्हरं बंबात घातली, आणि ती आंघोळ.

जनार्दनच्या अंकात ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, 'मधली' हा तुझाच शब्द. दहा ते तेराची मुलं. लहान म्हटलं तर चिडतात आणि मोठं म्हटलं तर घाबरतात, असं तू म्हणायचीस. चित्रांच्या पुस्तकांपाशी उभं राहायची त्यांना लाज, आणि कादंबऱ्यांपाशी उभी राहिली की कुणीतरी मोठा म्हणणार, "काय रे, तुझं काय काम इकडं?" म्हणून दोन्हींच्या मधे, खिडकीशी, तू एक लोखंडी कपाट मागून घेतलंस. त्यासाठी चार मीटिंगा तू एकटीच बोललीस. आणि त्या मुलांनी तुला आजी म्हणायचं नाही. केस पांढरे, गुडघे गेलेले, तरी नलूताई. मी हसलो तर म्हणालीस, "आजीला कोण गुपित सांगत नाय. आजी जेवताना आईला सांगते."

तर साडेचार वाजले, शाळा सुटली. मी तुझ्या खुर्चीत.

पस्तीस वर्षं मी कापड कंपनीत लूमवर काढली. खात्यात शेजारच्याला पाणी दे म्हणायचं तरी बोंब मारावी लागायची. मी निवृत्त झालो, तो आवाज नाही झाला. पहिली आली ती दोन वेण्यांची मुलगी. तिने वयात येणाऱ्या मुलींसाठीचं पुस्तक काढलं. मी रजिस्टर उघडलं आणि लिहिता लिहिता पुस्तकाचं नाव वाचलं. पेपर वाचणाऱ्या चार म्हाताऱ्यांनी पेपर खाली केले. वर मी म्हणालो, "घे, घे. लाजायचं काय त्यात?" तव्याला हात लागावा तसं तिने पुस्तक सोडलं. चपला उलट्या पायांत घालून गेली. मग एक मुलगा आला, हातात मित्र कसे जोडावेत असलं काहीतरी. मी विचारलं, "काय रे, तुला मित्र नाय?" प्रेमाने विचारलं मी. तोही गेला. तिसरी दारातूनच.

चार दिवसांत एकही मधलं माणूस फिरकेना. मला वाटलं परीक्षा असेल.

जनार्दन आला. कपाटावर बोटं वाजवत म्हणाला, "काका, काकी होत्या तोवर ठीक होतं. आता ही पोरं येत नायत. हे कपाट माळ्यावर टाकू आणि इथं भरतीच्या परीक्षेवाल्या मुलांना टेबल लावू."

"येतील."

"कधी?"

"दसऱ्यापर्यंत बघ."

दसरा मी का म्हटलं ते माहीत नाही. पाच आठवडे होते. जनार्दनने टोपण माझ्या हातात दिलं आणि वहीत लिहून घेतलं: दसऱ्यापर्यंत आली नाहीत तर कपाट माळ्यावर. नलू, तुझ्या साड्या तुझ्या बहिणी घेऊन गेल्या. तुझा चष्मा मला लागत नाही. तुझं म्हणावं असं ते कपाटच उरलं होतं.

रविवारी मांदेली घ्यायला मासळीबाजारात पुष्पाकडे गेलो. तिची नात सानिका, बारा वर्षांची, शेजारी बसून माशा हाकत होती. तुझी सगळ्यात लाडकी. म्हणजे तू तसं कधी बोलली नाहीस, पण तिने आणलेले बोंबील तू मला निवडायला देत नव्हतीस, स्वतः निवडायचीस.

"काय गं, येत नाय वाचनालयात?"

तिने इकडंतिकडं बघितलं. "इथं नाय बोलायचं." आणि मला बर्फाच्या पेटीमागे घेऊन गेली. सत्तरी ओलांडलेला माणूस मी, बर्फाच्या पेटीमागे उभा.

"तुमी कव्हरं का फाडली?"

"मळली होती."

"तुमची बनियन पण मळलीय."

पुष्पा तिकडून ओरडली, "सानू, बघून बोल. दुखवट्यात हायत ते."

"दुखवट्यात हायत म्हणून तर इतके दिवस काय बोलली नाय," सानिका म्हणाली, आणि मग जे बोलायला लागली ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

खिडकीत तुझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा. त्यात मुलं चिठ्ठ्या टाकायची हे मला माहीत होतं. मला वाटायचं, खेळ असेल. सानिका म्हणाली, चिठ्ठीत जे कुणाला सांगता येत नाही ते लिहायचं. नाव नाही, खाली नुसती एक खूण काढायची. मासा, छत्री, पतंग. तू चिठ्ठी वाचायचीस आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्या खुणेपुढे पुस्तकाचा नंबर. ज्याची खूण त्याने येऊन तो नंबर घेऊन जायचं. कव्हर पांढरं, म्हणजे गावातून हातात धरून चाललं तरी कुणाला कळत नाही. घरीही नाही.

"आणि तुमी नंबरच जाळले," ती म्हणाली. "परत कोण चिठ्ठी टाकेल?"

नलू, तो फळा मी वर्षानुवर्षं बघत होतो. छत्री, सतरा. मासा, बेचाळीस. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन मला विचारायचा, "काका, आज छाते को क्या लगा?" अर्ध्या गावाला वाटायचं की नलूताई आकडा चालवते. मलाही वाटायचं. तुला विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मी कुठे बोललो नाही. आयुष्यात एकच गुपित पाळलं आणि तेही खोटं निघालं.

तू मला का सांगितलं नाहीस, हे मला बर्फाच्या पेटीमागेच कळलं. 

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपण ती पुन्हा कधी काढली नाही. मी तुझा जेवणाचा डबा घेऊन वाचनालयात आलो होतो. दारात सूरजचं दप्तर उपडं झालं. सूरज म्हणजे (हे नाव-गाव वही जनार्दनला देण्याआधी खोडणार आहे) कुंभवलीच्या भाड्याच्या खोल्यांमधला, अकरा वर्षांचा, बाप रोलिंग मिलमध्ये. पांढऱ्या कव्हरचं पुस्तक नेमकं उघडं पडलं आणि मी वरची ओळ वाचली. अंथरूण ओलं होणं. मी पुस्तक उचलून दिलं, त्याच्या डोक्यावर टपली मारली, आणि तिथून थेट चहाच्या टपरीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. टपरीवर कुणाचा तरी मुलगा होता, ते शाळेत गेलं, आणि सूरजला शाळेत जे नाव पडलं ते मी इथे लिहीत नाही.

तो पुस्तक परत द्यायला आला तेव्हा मी तिथेच होतो. त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि तुला म्हणाला, "ताई, मैंने किसी को नहीं बताया था." मग आला नाही.

घरी आल्यावर तू म्हणालीस, "सगळ्याला कव्हर घातलं, तुमच्या तोंडाला घालायचं राहिलं."

मी म्हटलं, "पोराटोरांचं काय गुपित असतंय?"

"तुमी बारा वर्षांचे होता तेव्हा काय वाटायचं, आठवतं?"

"भूक लागायची."

"खोटं," तू म्हणालीस, आणि तीन दिवस बोलली नाहीस. चौथ्या दिवशी गॅस संपला. "सिलिंडर बदला," म्हणालीस. मी बदलला. मला वाटलं, भांडण मिटलं. गॅस संपला म्हणून मिटलेलं भांडण मिटलेलं नसतं, एवढं मला तेव्हा कळत नव्हतं. चुकलं, असं मी म्हणालो नाही. तुला नाही, त्याला नाही.

पुढचं सगळं कमरेमुळे झालं. सगळी पुस्तकं मी घरी आणली. म्हटलं, वाचून आठवतं का बघू, कुठला नंबर कुठल्या पुस्तकाचा. वाकून वाकून दुसऱ्याच दिवशी कंबर धरली. डॉक्टरने दिलेला तो पट्टा आठवला, जो मी एक दिवस लावला नाही आणि ज्यावरून तू एक दिवस बोलायची थांबली नाहीस. घरातल्या कपाटाच्या तळातून पट्ट्याची पिशवी काढली, तर आत पट्ट्याच्या घडीत तुझी वही. मी कुठे हात घालणार नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? लपवलीस ती बरोबर जागी लपवलीस. पट्टा लावून, जमिनीवर बसून वाचली.

वहीत एकाही मुलाचं नाव नाही. नुसते नंबर, पुढे काय ते, आणि कंसात तुझी बडबड. सतरा: मैत्रीण अचानक बोलेनाशी होते. (शेवट रडका आहे, पण द्यावं.) तेवीस: आवाज फुटतो, मिशी येते. (मुलगे हे उभ्याने वाचतात.) बेचाळीस: आईबाप भांडतात. (दोनदा मागितलं तर घरी जाऊन मीठ मागायच्या निमित्ताने बघून यावं.) नलू, तू मीठ मागायला जायचीस ते मला आठवतंय. घरात मिठाची बरणी भरलेली असायची, आणि मी म्हणायचो, बाई विसरायला लागली.

आणि मधे एका पानावर नुसतंच: अभ्यास विचारू नये. तोंडाकडे टक लावू नये. "तुझ्या वयात मी" म्हणू नये. हसू आलं तर शिवणाकडे बघावं.

म्हणून तू सदान्‌कदा पुस्तकांच्या पाठी शिवत असायचीस. मी एकदा म्हटलं होतं, माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघावं. तू म्हणालीस, "मधल्यांकडे बघितलं की ती बंद होतात. त्यांच्या हातात काम द्यावं, आपल्या हातात पण असावं, मग येतं बाहेर." मी म्हटलं, सगळी ढोंगं. माकुणसारला तुझ्या माहेरी चिकू पेंढ्यात घालायचे तेव्हाही तू मला हेच सांगायचीस. मी दर दोन तासांनी पेंढा उचकटून प्रत्येक चिकूला अंगठा लावून बघायचो, पिकला का. "अहो, अंगठा लावू नका, काळे पडतात." अर्धी रास माझ्या अंगठ्याने काळी पडायची. तेच काळे मला खायला लावायचीस.

दहा दिवस मी पुस्तकं वाचली, वहीशी जुळवून नंबर टाकले. एवढं मी शाळेत वाचलं असतं तर आज जनार्दनचं टोपण दुसरा कुणी धरत असता आणि पेन माझ्या हातात असतं. दोन वेण्यांच्या मुलीला ओरडून दाखवलेलं ते पुस्तकही वाचलं. नलू, एवढं सगळं होतं होय? महिन्याचे चार दिवस तू गप्प बसून पोट धरायचीस आणि मी विचारायचो, आज भाजीत मीठ का नाही. सून आली असती तर तिला तरी विचारलं असतं, पण आपल्याला ना मुलगा ना सून. मी हे सत्तरी ओलांडून पुस्तकात वाचलं. चित्रांसकट.

एकच पुस्तक वाचलं नाही. वहीत लिहिलं होतं, एक्केचाळीस: अंथरूण ओलं होणं. (अठराव्या पानापासून द्यावं. आधीचं कंटाळवाणं.) अठरावं पान उघडून वरची ओळ बघितली आणि मिटलं.

कव्हरांना कागद हवा होता. तू साठवलेल्या जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा पलंगाखाली होता. बाकीचा कागद पुष्पाने आपल्या गिऱ्हाइकांकडून जमवला. थोडा वास येतो, पण मुलांनी तक्रार केली नाही. आपल्या गठ्ठ्यात मला दोन वर्षांपूर्वीचं ते पान सापडलं. चौकटीत तुझं अक्षर. अबोला. दुसऱ्या चौकटीत, अबोला. तिसऱ्या, अबोला, भात करपवला मुद्दाम. चौथ्या, गॅस. त्या पानाचं कव्हर मी एक्केचाळीस नंबरला घातलं, अक्षर आतल्या बाजूला. हे एक मी घरीच घातलं. कुणाला दाखवलं नाही.

मग सानिकाला निरोप धाडला की नंबर परत आलेत. ती पाच जणांना घेऊन वाचनालयाच्या ओट्यावर आली, पायरीवर उभी राहिली. मी खालच्या पायरीवर.

"आमच्या अटी हायत."

"बोल."

"तुमी आत बसायचं नाय. ओट्यावर बसायचं, रस्त्याकडे तोंड करून."

"पाऊस आला तर?"

"छत्री घ्यायची. रजिस्टर आमी भरणार, नुसता नंबर. आणि कोणाला पण अभ्यास कसा चाललाय विचारायचं नाय."

"ते मला माहीत हाय," मी म्हटलं. तिने भुवया वर केल्या.

दोन वेण्यांची मागून पुटपुटली, "चिठ्ठीचं सांग."

"चिठ्ठ्या आता तुमीच वाचणार ना? दुसरं कोण हाय? मग पहिली चिठ्ठी तुमी टाकायची. खरी. बारा वर्षांचे होता तेव्हाची. ती आमी सगळे वाचणार. मग तुमचं पण कायतरी आमच्याकडे असेल, आणि तुमी बोंबलणार नाय."

नलू, तू हे तिला शिकवलंस की ती जन्मतःच अशी आहे? मी म्हटलं, "मला काय गुपित असणार?"

"खोटं," सानिका म्हणाली. अगदी तुझ्यासारखं.

दसरा आठ दिवसांवर होता. जनार्दनने टेबलाचं माप घेऊन ठेवलं होतं. मी दुपारी घरी बसून चिठ्ठी लिहिली. तुला आता वाचून दाखवतो, कारण ती पहिली तुला द्यायची होती.

"बारा वर्षांचा होईपर्यंत मी अंथरूण ओलं करायचो. पालघरला मामाने शिकायला बोलावलं होतं. मामाकडे सगळी मुलं एका सतरंजीवर झोपायची. म्हणून मी गेलो नाय. शाळा आवडत नाय असं सांगितलं. पुढं म्हातारा झाल्यावर तसल्याच एका मुलावर मी हसलो. बाकीचे हसायचे थांबले तरी मी हसत होतो, कारण थांबलो असतो तर त्यांना कळलं असतं. माझं चुकलं."

खाली चिकू काढला. तो बटाट्यासारखा आला, म्हणून देठ मोठा काढला.

तुला मी नेहमी सांगत आलो की बापाने माझी शाळा सोडवली. आणि तू माझ्या मेलेल्या बापाला चाळीस वर्षं बोल लावलेस. सर्वपित्रीला त्याचं पान वाढतानासुद्धा एकदा बोललीस, पोराला शिकवलं असतं तर. त्याची माफी तू तिकडे भेटशील तेव्हा माग, माझ्या वतीने.

चिठ्ठी डब्यात टाकली आणि ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसलो. आत सगळी कव्हरं घालत होती. खळीचा वास येत होता.  मग डब्याचं झाकण वाजलं. कुणीतरी हळू आवाजात वाचलं. मला वाटलं, आता हसतील. मी रिक्षा मोजायला लागलो. सात रिक्षा गेल्या. आत कुणी हसलं नाही. मग हळूहळू कात्रीचा आवाज सुरू झाला आणि त्याबरोबर बोलणं. कोण काय बोललं ते मी ऐकलं. पाठीला कान फुटले होते माझ्या. पण ते मी इथे लिहिणार नाही, जनार्दनने चार पानं दिली तरी.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: चिकू, एक्केचाळीस. चिकू माझ्यापेक्षा बरा काढला होता.

मी खूप वेळ बघत राहिलो. वही माझ्याकडे, पट्ट्याच्या घडीत. एक्केचाळीसला कव्हर मी घरी घातलेलं. त्या नंबरात काय आहे हे सानिकाला माहीत असायचं कारण नाही, त्या पाच जणांपैकी कुणालाच नाही. ते फक्त त्यालाच माहीत असणार ज्याने ते पूर्वी नेलं होतं. म्हणजे कुणीतरी त्याला माझ्या चिठ्ठीचं सांगितलं असणार, आणि तो कधीतरी येऊन खडूने लिहून गेला असणार. मी ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसलेलो असताना. माझ्या बाजूनेच गेला असणार.

सानिका समोरच पुस्तकं लावत होती. विचारलं असतं तर तिने सांगितलं नसतं. पण मी विचारलंच नाही. नलू, ऐकतेस ना, मी विचारलं नाही. जीभ टाळ्याला लावून बसलो. हसू आलं नाही, पण जे आलं ते लपवायला तुझ्या त्या सुईदोऱ्याकडे बघत राहिलो.

दसऱ्याला मुलांनी तुझ्या कपाटाला झेंडूचं तोरण बांधलं. जनार्दनने मोजायचं म्हणून मोजलं, अकरा मधली हजर होती, आणि दोन वेण्यांच्या मुलीने त्याला सांगितलं की टक लावून बघू नका. त्याने टेबल पलीकडच्या भिंतीला लावायचं ठरवलं. फळ्यावर त्या दिवशी छत्री होती, पतंग होता, आणि एक प्राणी होता, तो कुत्रा की घोडा मला अजून कळलेलं नाही. नंबर बरोबर दिला, एवढं पुरे.

मी रजिस्टरमध्ये एक्केचाळीस लिहिलं, पुस्तक घेतलं आणि निघालो. दारात जनार्दन स्कूटरला हार घालत होता.

"काय नेताय काका?"

"पुस्तक."

"कुठलं?"

"पांढरं."

घरी येऊन पट्टा लावला, पंखा बंद केला, आणि खिडकीत बसलो. तू लिहिलंयस की अठराव्या पानापासून द्यावं, आधीचं कंटाळवाणं. मी मुद्दाम पहिल्या पानापासून वाचलं. सतराच्या सतरा पानं वाचली. नलू, कंटाळवाणी नाहीत. तू चुकलीस. आता बोल.